शेवट सांगून टाकणारे अप्पा

आमच्या घरी येणाऱ्याला आधी पाणी मिळायचं आणि मग पुस्तक. पाणी सासूबाई द्यायच्या, पुस्तक सासरे, म्हणजे अप्पा. पाणी नको म्हटलेलं चालायचं, पुस्तक नको म्हणायची सोय नव्हती. त्या घरात अप्पांच्या हातचं पुस्तक न घेणारं माणूस मी एकच पाहिलं. ते म्हणजे खुद्द आमच्या सासूबाई.

अप्पांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. घर चौलला, मागे नारळी-सुपारीची लहानशी वाडी. नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रकाची. अलिबागच्या स्टँडवर खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे आणि ती कुठपर्यंत जाणार आहे, हे माइकवरून सांगायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. निवृत्तीबरोबर माइक गेला, आवाज तेवढाच राहिला. सकाळी मला चहाला हाक मारायचे तेव्हा शेजारची दोन घरंही जागी होत असावीत.

मी माणगावची. आमच्या माहेरी भात, गुरं आणि बाजारातलं दुकान यांतून डोकं वर काढायला कुणाला फुरसत नव्हती. छापलेलं म्हणाल तर भिंतीवरची दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका. अशा घरातून मी चौलच्या या घरात आले, जिथे पिठाच्या डब्यावर पुस्तक, खिडकीत पुस्तक, आणि वाडीला पाणी लावायला गेलेल्या माणसाच्या हातातही पुस्तक. अप्पा पाटाचं पाणी सुपारीला सोडायचे आणि शेजारच्या दगडावर वाचत बसायचे. सुपारी भिजून झाली की पाणी आपलं शेजाऱ्याच्या वाडीत. मग कुंपणापलीकडून तो ओरडायचा, "अप्पा, धडा संपला का? माझ्या मिरच्या पोहायला लागल्या." अप्पा पानात एसटीचं जुनं तिकीट घालायचे, पुस्तक काखेत मारायचे आणि पाणी बंद करायला धावायचे.

पुस्तक सुचवायची त्यांची तऱ्हा निराळी होती. चांगलं आहे, वाईट आहे, असं ते कधी म्हणत नसत. समोरच्याला नीट न्याहाळायचे, याला कुठे जायचंय आणि किती घाई आहे याचा अंदाज घ्यायचे आणि कपाटाकडे वळायचे. "ही जलद हाय. बसलीस की उतरलीस." किंवा, "ही सगळे थांबे घेत जाते, पण तुला वेळ हाय." एका जाडजूड कादंबरीबद्दल त्यांनी मला सांगितलं होतं, "ही घाटात बंद पडते. पण उतरून ढकललीस तर वरनं नजारा हाय." मी ढकलली नाही. माझी बरीच पुस्तकं अर्ध्यावर राहतात. त्यावरून अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची वैशाली मधल्याच थांब्यावर उतरते."

थट्टेतून कुणीच सुटत नसे. माझा नवरा नरेश लग्नाआधीपासून किल्ल्यांच्या इतिहासाचं एकच पुस्तक वाचतो आहे. "नरेश कुठं आहे?" असं कुणी फोनवर विचारलं तर घरातून उत्तर जायचं, "प्रस्तावनेत." नणंद सुजाताताई पनवेलला बँकेत आहेत. त्या कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचतात आणि मग ठरवतात, एवढी मेहनत करायची की नाही. अप्पांना त्यांचं फार कौतुक. कारण शेवट सांगून ताईंचं काही बिघडत नसे, आणि शेवट सांगितल्याशिवाय अप्पांना राहवत नसे.

ही त्यांची खोड मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळली. त्यांनी मला एक रहस्यकथा दिली होती. डोंगरावरचा बंगला, पाहुणे आणि खून. चुलीवर भात ठेवून मी वाचत बसले होते. अप्पा पाणी प्यायला आत आले आणि तांब्या हातात घेऊन माझ्यामागे घुटमळले.

"माळी आला का?"

"कुठला माळी?"

"येईल, येईल. बिचारा वाटतो पहिल्यांदा." असं म्हणून पाणी पिऊन ते निघून गेले. मी पुस्तकाकडे बघत राहिले. मासे चिरत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "सांगितलं ना? आता भात बघ. त्या पुस्तकात काय राह्यलं न्हाय."

संध्याकाळी मी तक्रार केली तर अप्पांना मनापासून आश्चर्य वाटलं. "मी कुठं शेवट सांगितला? मी नुसतं माळी म्हटलं." आणि मग त्यांनी मला त्यांचं म्हणणं समजावून सांगितलं. "अगं, गाडी कुठं जाते ते ठाऊक असलं की माणूस निवांत खिडकीबाहेर बघतो. न्हायतर सारखा विचारत बसतो, कुठं आलं, कुठं आलं." यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "म्हणून तर तुमच्या गाडीत बसत न्हाय मी."

सुजाताताईंनी पुढे घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कोण काय वाचतंय ते तिथे लिहायचं, एकमेकांना सुचवायचं. चांगली कल्पना होती. सुजाताताईंनी मोठ्या हौसेने एक कादंबरी सुचवली आणि दहा मिनिटांत ग्रुपवर अप्पांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सदर कादंबरीतील थोरला भाऊ शेवटी धाकट्याच्याच घरी जातो." सुजाताताईंनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. अप्पा जेवले नाहीत, वाडीत जाऊन बसले. दुपारी त्यांना अटीवर परत घेतलं: शेवट सांगायचा असेल तर आधी तसा इशारा द्यायचा. अप्पांनी अट तंतोतंत पाळली. "पुढे शेवट आहे थोरला भाऊ जातो" हे सगळं ते एका दमात म्हणू लागले, त्यामुळे इशारा आणि शेवट हातात हात घालूनच कानावर यायचे.

एकच माणूस त्यांच्या या खोडीवर खूश होतं. रेवदंड्याची हौसाबाई कोळीण. टोपली उतरवून ती ओट्याच्या पायरीवर टेकायची आणि म्हणायची, "अप्पा, आदी शेवट सांगा. रडायचं असंल तर मी चालली. मना घरला काय कमी हाय?" अप्पा आधी शेवट सांगायचे, मग पहिल्यापासून गोष्ट, आणि ती ऐकत ऐकत कोळंबी सोलून द्यायची, तीही न मागता. सासूबाई बाहेर येऊन भाव ठरवायच्या आणि गोष्ट कानावर पडायच्या आत लगबगीने घरात जायच्या. न जाणो, तेच पुस्तक पुढेमागे त्यांना वाचायचं असलं तर.

कारण सासूबाई वाचायच्या, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा मन लावून वाचायच्या. गावातल्या वाचनालयात स्वतः जायच्या, स्वतः निवडायच्या आणि घरी आल्यावर पुस्तकाला जुन्या दिनदर्शिकेचा कागद चढवायच्या, म्हणजे कुठलं पुस्तक आहे ते अप्पांना कळायला नको. अप्पा आजूबाजूला फिरायचे, पुस्तकाच्या जाडीवरून, सासूबाईंच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचे. "ते बैलगाडीवालं हाय का?" असं विचारायचे. सासूबाई पुस्तक मिटून उठायच्या.

असं का, ते मला त्यांनी एकदा बिरड्यासाठी वाल सोलता सोलता सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष. अप्पांनी त्यांना एक कादंबरी आणून दिली होती. त्यांच्या आयुष्यातली पहिली. शाळेतल्या पुस्तकांपलीकडे असं काही असतं हे त्यांना तेव्हाच कळलं. दिवसभराचं आवरलं की कंदील जवळ ओढून त्या चार-चार पानं वाचायच्या. कादंबरीतली मुलगी आजारी होती. "मी भाकरी थापताना पन तिचाच विचार करायची. बरी होऊ दे म्हणून गणपतीला बोलले होते मी, हसू नको." आणि एके दिवशी अप्पा कामावरून आले, मोरीत पाय धुता धुता म्हणाले, "कुठवर आलीस? बिचारी वाचत न्हाय गं ती."

"त्यांना वाटलं, मला आधी ठाऊक असलं तर कमी लागंल," सासूबाई म्हणाल्या. "पन माझी होती ना ती. तिच्याजवळ मला बसू द्यायचं होतं." त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं, आजपासून तुमच्या हातचं पुस्तक घ्यायचं न्हाय. कानाला खडा. तो खडा त्यांनी दोन मुलं मोठी होऊन त्यांची लग्नं झाली तरी काढला नव्हता. रागावल्या होत्या म्हणून नाही. राग कधीच गेला होता. पण दिलेला शब्द त्या मोडत नसत, आणि अप्पा काही सुधारत नसत.

अप्पांना याचं किती लागलं होतं, ते एकदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. कपाट आवरत होतो आम्ही दोघं. एकेक पुस्तक पुसताना ते सांगत होते, हे सुजासाठी, हे हौसाबाईला सांगितलं होतं, हे तुझं अर्धं राहिलेलं. मग हात थांबवून म्हणाले, "सगळ्यांना दिली. जिच्यासाठी शोधत होतो तिनं न्हाय घेतलं. मला वाचताना सारखं वाटतं बघ, हे तिला आवडंल." आणि पुसून झालेलंच पुस्तक ते परत पुसायला लागले.

त्यांनी प्रयत्न सोडले नव्हते. एकदा सुजाताताईंना फितवून एक कादंबरी त्यांच्या नावाने पाठवायला लावली. सासूबाईंनी कौतुकाने घेतली, वाचायलाही लागल्या. अप्पांनी दोन दिवस दातांवर दात ठेवून काढले. तिसऱ्या दिवशी जेवताना आमटी वाढून घेता घेता ते सहज म्हणाले, "त्या मास्तरचं पत्र सापडलं का गं तिला?" सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. सुजाताने पाठवलेल्या पुस्तकातल्या मास्तरचं पत्र यांना कसं ठाऊक? पुस्तक त्याच दिवशी पनवेलला परत गेलं, आणि नरेश इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथे तपासण्या झाल्या आणि हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. अप्पा वरून तसेच होते, पण शेवट सांगायचं जरा कमी झालं होतं, आणि ते कुणालाच बरं वाटत नव्हतं.

रिपोर्ट आणायला मी त्यांच्याबरोबर अलिबागला गेले होते. स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलेलं. अप्पा आत शिरले आणि विक्रेत्याला म्हणाले, "मला न वाचलेलं पुस्तक हवंय."

"सगळी नवीनच आहेत, काका."

"तसं न्हाय. मी न वाचलेलं." आणि एक नव्या लेखिकेची कादंबरी उचलून त्यांनी ती न उघडता माझ्या हातात दिली. "मागं काय लिवलंय ते तू वाच. मला सांगू नको. तुझ्या सासूला आवडंल का, एवढंच सांग."

मी वाचलं आणि म्हटलं, आवडेल. त्यांनी विक्रेत्याकडून पुस्तकाला उभी-आडवी सुतळी बांधून घेतली. परतीच्या गाडीत दोन्ही हात पुस्तकावर ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

सासूबाई लसूण सोलत होत्या. अप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "हे मी वाचलेलं न्हाय. पान पन उघडलेलं न्हाय. ह्याचा शेवट मला ठाऊक न्हाय. वैशालीला विचार."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी सुतळीच्या गाठीवरून बोट फिरवलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पदराला हात पुसून पुस्तक घेतलं. घरातलं मोठं ऑपरेशन त्याच दिवशी झालं, मुंबईतलं धाकटं, असं नरेश अजून म्हणतो.

त्यानंतरचे दिवस अप्पांच्या हालाचे. सासूबाई वाचताना मध्येच हसल्या की अप्पा विचारायचे, "काय झालं?" त्या म्हणायच्या, "काय न्हाय." एकदा त्यांनी डोळे पुसले तर अप्पा स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "कोण गेलं असंल गं?" ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना शेवट सांगितले, तो आता शेवटासाठी तडफडत होता आणि सासूबाईंना त्यात मजा येत होती. पुस्तक संपल्यावर त्यांनी ते अप्पांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "घ्या. वाचा. बरं हाय." नवऱ्याला त्यांनी पुस्तक सुचवल्याची ती पहिलीच वेळ. अप्पांनी वाचता वाचता चहा गार केला.

ते निम्म्याच्या पुढे गेले आणि मुंबईला जायचा दिवस आला. मांडव्याहून लाँच धरायची होती. बॅग भरताना सासूबाईंनी अप्पांनी आत सरकवलेलं पुस्तक बाहेर काढलं. "औषधं घेतली, शाल घेतली. हे हितंच राहील."

"अगं, तिथं वेळ कसा जायचा माझा?"

"न्हाय गेला तर न्हाय."

ऑपरेशनच्या सकाळी अप्पा रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांत ट्रॉलीवर होते. आम्ही सगळे भोवती. नरेश उगाच पंख्याबद्दल काहीतरी बोलत होता. अप्पांनी सासूबाईंची बोटं धरली आणि खूप हळू, त्यांना न शोभणाऱ्या आवाजात म्हणाले, "एक सांग. ती पोरगी घर सोडून जाते का गं?"

सासूबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"बाकीचं नको. एवढंच. समजा, मी न्हाय..."

"समजा-बिमजा काय न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "घरी चला. मग वाचा."

अप्पा वॉर्डबॉयकडे वळून म्हणाले, "बघा. मी सगळ्यांना सांगितलं, मला कुणी सांगत न्हाय." तो हसला आणि त्याने ट्रॉली ढकलली. दार बंद होईपर्यंत सासूबाई ताठ उभ्या होत्या. दार बंद झालं तशा त्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं का गं मी?"

त्यांनी काय केलं होतं ते मला कळत होतं. परत यायला त्यांनी नवऱ्याकडे एक कारण ठेवलं होतं, आणि तो आला नाही तर त्या न सांगितलेल्या दोन शब्दांचं ओझं त्यांना एकटीला वाहायचं होतं. मी त्यांचा हात धरून बसले. मला त्या दिवशी त्या बाईची भीतीही वाटली आणि अभिमानही.

अप्पा परत आले. आवाज आठवडाभर बसला होता, तेवढीच काय ती शांतता. चालायफिरायला लागल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी पुस्तक मागितलं. तोवर नरेशच्या नोकरीसाठी आम्ही चौल सोडलं होतं. शिमग्याला आम्ही सगळे चौलला जमलो तेव्हा त्यांची शेवटची पानं चालू होती. ओट्यावर खुर्ची टाकून ते वाचत होते आणि आम्ही कामं असल्यासारखे त्यांच्या मागून-पुढून फिरत होतो. सासूबाई आत पुरणाला बसल्या होत्या, पण पाटा-वरवंट्याचा आवाज मधूनमधून थांबत होता.

अप्पांनी पुस्तक मिटलं. पानातलं एसटीचं तिकीट काढून खिशात ठेवलं. मग सुजाताताईंनी मुद्दामच विचारलं, "अप्पा, काय झालं शेवटी? मी वाचलं नाहीये अजून. सांगा की."

आम्ही सगळे वाट बघत होतो. अप्पांचं तोंड उघडलंही होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, तिथे सासूबाई पुरणाच्या हातांनी उभ्या होत्या.

"वाच," अप्पा म्हणाले. "जाताना घेऊन जा."

सासूबाई आत वळल्या. मग उंबऱ्यातच थांबल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दुसरं हाय का एखादं तुमच्याकडं? वाचलेलं चालंल."

त्यानंतर अप्पा चांगली दोन वर्षं होते, आणि मी त्यांना पुष्कळदा भेटले. पण डोळ्यांपुढे येतात ते त्या दिवशीचेच. आम्हाला चारची गाडी धरायची होती. नमस्कार करायला मी आत गेले तर अप्पा कपाटासमोर उभे होते. एक पुस्तक काढायचे, चाळायचे, नको म्हणून आत ठेवायचे, दुसरं काढायचे. खाली जमिनीवर ढीग पडला होता. मी म्हटलं, "अप्पा, निघतो आम्ही." त्यांना ऐकू गेलं नाही. आमच्यासारख्यांना एका नजरेत गाडी सांगणारा माणूस, त्याला काही सुचत नव्हतं. मी नमस्कार न करताच बाहेर आले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, त्यांना वेळ लागेल."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि हात धुऊन ओट्यावरच्या अप्पांच्या खुर्चीत वाट बघत बसल्या.